इंडिकेटर सरकवताना अर्थिंगही बघा

मोटारसायकलला मागे बॅकरेस्ट (पाठ टेकायचा आधार) लावायचा तर मागचे इंडिकेटर आडवे येतात. ते नंबरप्लेटच्या पट्टीवर खाली घेतले की बॅकरेस्ट बसवायच्या खाचा मोकळ्या होतात, हा उपाय मला पटतो. पण 'वायर वाढवली की झालं' एवढं सोपं नाही. काही गाड्यांत इंडिकेटरला एकच वायर येते, अर्थ (वीज बॅटरीकडे परत जायचा रस्ता) मिळतो तो इंडिकेटरच्या दांडीच्या बोल्टमधून, थेट चासीतून (गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून). नवी पट्टी पावडर कोटिंगची (वीज अडवणारा रंगाचा थर दिलेली) असली किंवा मध्ये रबरी वॉशर आला, तर तो रस्ताच तुटतो. दिवा मिणमिणतो नाहीतर लागतच नाही, आणि लोक उगाच फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारा भाग) बदलत बसतात. मी बोल्टखाली रिंग टर्मिनल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी) घालून वेगळी काळी वायर चासीपर्यंत नेली. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). नुसती टेप उन्हात चिकट होऊन सुटते. मडगार्डखालून वायर नेणार असाल तर टायरपासून लांब, क्लिपांनी घट्ट बसवा. खड्ड्यात चाक वर आलं की तीच आधी घासते.