दीड वर्षाच्या मुलीला पुस्तक वाचून दाखवताना: सल्ला हवा आहे

रानजाई:
माझी मुलगी दीड वर्षाची आहे. रोज झोपायच्या आधी तिला पुस्तक वाचून दाखवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय, पण ती दोन पानांपुढे टिकत नाही. पानं भराभर उलटते, पुस्तक तोंडात घालते, नाहीतर कुत्र्याच्या चित्रावर अडून बसते ती पुढे जाऊच देत नाही. सासूबाई म्हणतात, बोलायला लागली की वाचा, आत्ता तिला काय कळतंय! या वयात खरंच उपयोग होतो का? गोष्ट पूर्ण करायचा आग्रह धरावा का? आणि आपोआप वाचून दाखवणारी टॅबवरची पुस्तकं चालतील का?

काठावरची:
जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या आणि खुशाल चावू द्या. या वयात पुस्तकाशी ओळख अशीच होते.

तिसरा_प्रहर:
उपयोग नक्की होतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय की अगदी तान्हेपणापासून वाचून दाखवा. त्याच्याही मागे जायचं तर १९८६ चा एक प्रयोग आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आयांनी एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळांना चोखणी दिली, आणि ती कोणत्या लयीत चोखली जाते त्यावर कोणती गोष्ट ऐकू येणार हे ठरायचं. ओळखीची गोष्ट कानावर पडावी म्हणून बाळं चोखण्याची लय बदलत होती, अगदी ती दुसऱ्या बाईच्या आवाजात असली तरी. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता, ओळखीची वाटली ती गोष्टीची लय. सासूबाईंना हे जरूर सांगा.

बालवाडीताई:
रानजाई, कुत्र्याच्या पानावर अडते ना? मग त्या दिवशीचं वाचन त्याच पानाचं. गोष्ट संपवायची घाई अजिबात करू नका.

मी मुलांसोबत कसं वाचते ते सांगते. मूल चित्राकडे बोट दाखवून ‘भू’ म्हणालं की मी म्हणते, ‘हो, भू भू! काळा भू भू. काय करतोय तो?’ मग थांबते. हे थांबणं फार महत्त्वाचं. आपल्याला गप्प बसवत नाही आणि आपणच उत्तर देऊन टाकतो, पण लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. ते ‘जोजो’ म्हणालं की त्याला आणखी एक शब्द जोडायचा, ‘हो, पायरीवर जोजो केलंय’. त्याचा एक शब्द, आपले दोन-तीन, एवढंच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली याच पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोन ते तीन वर्षांच्या आसपासची मुलं, दोन्ही गटांतले पालक जवळपास सारखंच वाचणारे. फक्त एका गटाला मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं बोलणं वाढवायला शिकवलं. महिनाभरात त्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली.

टॅबबद्दल: २०१९ मध्ये लहान मुलं आणि पालक यांचं एकत्र वाचन बघितलं गेलं, तेव्हा टॅबवर दोघांचंही बोलणं कमी झालेलं दिसलं. गप्पाच गेल्या तर मग उरलं काय? माझं मत, या वयात छापील पुस्तकच.

निळीशाई:
ताईंशी सहमत, फक्त प्रत्येक पानावर ‘हे काय? ते काय?’ करून तोंडी परीक्षा घेऊ नका. मूल शांतपणे ऐकत असेल तर ऐकू द्या. आणि वाचून दाखवलं की अक्षरं आपोआप येतात ही अपेक्षाही नको. मुलांच्या नजरेचा माग घेणारा २००५ चा अभ्यास आहे, त्यात मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रंच बघत होती. अक्षरांकडे लक्ष जावं असं वाटत असेल तर तीन-चार वर्षांची झाल्यावर मधूनमधून शब्दाखाली बोट फिरवा.

चांदणचुरा:
आमच्याकडे एकच पुस्तक महिनोन् महिने चाललं. मला कंटाळा यायचा, लेकाला कधीच नाही. नंतर वाचनात आलं की २०११ च्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तेवढेच वेळा ऐकवले, पण काहींना एकाच गोष्टीतून आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द लक्षात राहिले ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांच्या. तेव्हा ‘पुन्हा’ म्हणाली की बिनधास्त पुन्हा वाचा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार! आज पूर्ण वेळ कुत्र्याच्याच पानावर होतो, मजा आली. अजून एक विचारते. भेट आलेली बरीच पुस्तकं इंग्रजी आहेत. नवरा चित्रं बघून मनाने मराठीत गोष्ट सांगतो. चालेल ना? सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांनाही तसंच करायला सांगू का?

बालवाडीताई:
दोघांनाही जरूर करू द्या. जी भाषा घरात सहज तोंडात येते तिच्यातच गप्पा रंगतात. फक्त रोजच्या बोलण्यात ‘ये, बस, खा, नको’ हेच शब्द फिरत राहतात. चित्रपुस्तकांत शब्दांची विविधता त्याहून जास्त असते, म्हणून दिवसातून एखादं मराठी पुस्तक छापलंय तसंही वाचा. सासूबाईंसाठी अजिबात मजकूर नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळतात ती बघा.