टीव्हीवर अभ्यास करून घ्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेक चौथीत आहे, सेमी इंग्लिश. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर धड्याचे व्हिडिओ आणि प्रश्न येतात, ते मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर बघून पोरीचे डोळे चुरचुरतात म्हणून ४३ इंची अँड्रॉइड टीव्हीवर कास्ट करायला (म्हणजे मोबाईलची स्क्रीन वायफायने टीव्हीवर दाखवायला) लागलो. व्हिडिओपर्यंत सगळं झकास, पण प्रश्न आले की बोंब! उत्तर मोबाईलवरच दाबायचं, टीव्हीवर ते दोन-तीन सेकंदांनी उमटतं, तोवर ही बाई वैतागून परत तीनदा दाबते आणि पुढचे दोन प्रश्न गायब. मग टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये उघडून बघितलं तर रिमोटच्या बाणाने 'अपूर्णांक' टाइप करता करता वरणाचा कुकर चार शिट्ट्या देऊन मोकळा झाला.

टीव्हीच्या यूएसबीला साधा वायरचा माउस चालतो का? की जुना लॅपटॉप एचडीएमआयने जोडलेला बरा? वायफाय राउटर आतल्या खोलीत आहे, कास्टिंगचा उशीर त्यामुळे असेल का? पीएम ई-विद्याचे (सरकारचे शाळेच्या अभ्यासाचे) टीव्ही चॅनल पण लावून पाहिले, चांगले आहेत पण तिथे उलट उत्तर देता येत नाही ना, नुसतं बघायचं, आणि हिला तर उत्तर द्यायचीच हौस. टचवाला टीव्ही सुचवू नका प्लीज, बजेट नाही 😅