पाऊस यायच्या आधी: टाकायला काढलेलं आणि परत कामाला लागलेलं

मागीलदार
पावसाआधीची कामं चालू आहेत. काल लाकडांच्या राशीवर घालायला माळ्यावरून फ्लेक्स काढला. 2022 च्या निवडणुकीतला. उमेदवार अजून हात जोडून हसतोय. वर वजन म्हणून बाबांनी खाणीवरून आणलेला पट्टा ओढायला मी गेले आणि तिथेच बसून राहिले.

हा पट्टा म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरचा. आत कापडाचे थर, वर जाड काळं रबर. झिजला की काढून टाकायचे आणि कामगार तुकडे मागून घरी न्यायचे. गोव्यात डिचोली-सांखळीकडे ज्याच्या घरातलं कोणी खाणीवर होतं, त्याच्या मागीलदारी हा दिसणारच. आमच्याकडे गोठ्याचा पत्रा उडू नये म्हणून वर एक, न्हाणीत घसरू नये म्हणून एक, विहिरीच्या काठावर एक, उंबऱ्याबाहेर पाय पुसायला एक. 2012 ला खाणी बंद पडल्या, पुढे गुरं गेली, गोठा पाडला. पट्टा तस्साच! वाळवीसुद्धा त्याच्या वाटेला जात नाही.

तुमच्याकडे असं काय काय आहे? बाटल्यांवर रंगकाम केलेलंही चालेल, पण मला खरं म्हणजे राबणाऱ्या वस्तू ऐकायच्या आहेत.

पेडण्याची पोर
जाळी!! केरीच्या किनाऱ्यावरून रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं, जुनं जाळं आणतो. फाटलं की ते लोक शिवतात, परत फाटलं की परत शिवतात, अगदीच शिवण्यापलीकडे गेलं की आमच्याकडे येतं. वालीच्या मांडवाला, कोंबड्यांना, विहिरीत पाचोळा पडू नये म्हणून वरून. माकडांना मात्र काही फरक पडत नाही, ती जाळं उचलून आत शिरतात.

एक सांगते, जाळं जमिनीला टेकवू नका. आमच्याकडे धामण अडकली होती. जेवढी ओढ घेते तेवढं रुततं. शेजारच्या काकांनी डोक्यावर गोणपाट टाकून कात्रीने एकेक दोरा कापला, अर्धा तास. आता खालून वीतभर मोकळं ठेवतो.

सुशेगाद_४२
निळा बिस्किटांचा डबा. आत सुईदोरा. पुढे लिहायची गरज आहे का?

आबोली
सुशेगाद, आमच्या डब्यात बटणं. मामा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, दर सुट्टीला एक डबा आणायचा. लहानपणी मला वाटायचं बोटीवर बटणंच विकतात.

धुवटीचा दशरथ
नाटकवाले कुठे गेले सगळे? मग मीच लिहितो.

आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला नाटक, आणि पैसे जायचे लायटिंगला आणि पेटीवाल्याला. बाकी सगळं भंगारातून. मुकुट पुठ्ठ्याचा, त्यावर सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. उत्सवाच्या दोन महिने आधीपासून गावातल्या सगळ्या ओढणाऱ्यांना ताकीद असायची, पाकीट फेकायचं नाही. (एका काकांच्या बायकोला नवरा दिवसाला किती ओढतो ते याच कागदांवरून कळलं, ते वेगळं नाटक.) ऋषींच्या दाढ्या गोणपाट उसवून, तो ताग पाण्यात भिजवून विंचरायचा. ढगांचा गडगडाट म्हणजे विंगेत दोघांनी पत्रा धरून हलवायचा. राजवाड्याचे पडदे म्हणजे आयांच्या साड्या, त्यामुळे पहिल्या रांगेतून "ती माझी!" असा आवाज ठरलेला.

मी दशरथ. कैकेयी वर मागते, मी कोसळतो, मुकुट घरंगळत जाऊन उलटा पडतो. आत खोक्यावरचा बाण आणि "ही बाजू वर". त्यानंतर माझ्या मरणाला कोणी रडलं नाही.

आबोली
😂😂 मी बसमध्ये आहे, लोक बघतायत

नळ्याचो पूत
दाढीला डिंक लावायचात का? आमच्याकडे खाज सुटून विश्वामित्र मध्येच उठून गेला होता.

धुवटीचा दशरथ
डिंकच. आणि एप्रिलचा उकाडा. वनवास तो हाच.

डॉक्टरीणबाई
विरस करायचा नाही, पण दोन गोष्टी सांगून जाते, ओपीडी सुरू व्हायचीय.

टायरची कुंडी, टायरचा झोपाळा, टायरची बसायची जागा करताय ना, त्याला खालून भोकं पाडा. ठिपक्यांचा तो डेंगीचा डास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पाणी आटलं तरी अंडी महिनोन्महिने टिकतात आणि पहिल्या पावसात फुटतात. करवंट्या अंगणात पडल्या असतील तर उपड्या टाका. ताडपत्री-फ्लेक्सच्या खळग्यातही पाणी राहतं.

दुसरं, फ्लेक्स फाटला म्हणून चुलीत किंवा भाणाखाली (अंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्याखाली) घालू नका. ते पीव्हीसी असतं. जळताना आम्लाचा वायू निघतो, डायऑक्सिनही. दमेकऱ्याच्या घरात तर नकोच.

मागीलदार
डॉक्टर, राशीवरचा फ्लेक्स आत्ताच जाऊन ताणून बांधला. उमेदवाराच्या गालावर खळगा पडत होता.

वाळपईकर
आमचं विषयाला धरून नाही कदाचित. लहानपणी पोहायला शिकलो ते दोन असोले नारळ बांधून. नंतरच्या पोरांना तेलाचे पाच लिटरचे कॅन. ट्रकची ट्यूब मिळाली तर तो त्या दिवसाचा राजा. टिप्परवाल्याचा मुलगा वर्गात होता, त्याच्याशी कोणी भांडायचं नाही.

ट्रकच्या टायरची बादली पण यायची बाजारात. विहिरीला चिऱ्याचं बांधकाम, पत्र्याची बादली आपटून आपटून चेमटायची. रबराची आपटली तरी मजेत.

पेडण्याची पोर
हो हो ती बादली! आणि पाण्याला पहिले आठ दिवस रबराचा वास.

फोंडेकर_पुण्यात
इथे पुण्यात एका दुकानात करवंटीचा डाव बघितला, "हस्तकला" म्हणून काचेच्या कपाटात. किंमत बघून हात मागे घेतला. आमची आजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून डझनाने घ्यायची. दांडा मोडला की करवंटी मीठ काढायला, ती फुटली की इस्त्रीच्या कोळशात. करवंटीचा कोळसा जास्त वेळ धग धरतो म्हणायची.

सोडणांचं, म्हणजे नारळाच्या सालांचं, तर विचारूच नका. अर्धी भांडी घासायला राखेबरोबर, अर्धी भाणाखाली.

बाणावलीचं गोवा चित्र हे संग्रहालय कोणी बघितलंय का? शेतीची अवजारं, गाडे, घाणे, लोकांनी अडगळ म्हणून काढलेल्या वस्तू. इमारतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांच्या दारं-खिडक्या वापरून बांधलीय. मी तासभर म्हणून गेलो आणि मित्रांनी ओढत बाहेर काढलं.

नळ्याचो पूत
बघितलंय. मस्त.
आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले होते. घर पाडताना कंत्राटदार सगळं मातीत घालणार होता. आईने पोरांना चिक्कीचं आमिष दाखवून एकेक शिंपला वेचून घेतला. आता नव्या घरात जिन्याजवळच्या एका झडपेला बसवलेत. सुताराने आधी नाही म्हटलं, पट्ट्या फार बारीक लागतात म्हणून. मग त्याच्या वडिलांना बोलावलं, ते येऊन एका दुपारीत करून गेले.

आबोली
कुठले सुतार? नंबर इथे टाकू नका, मेसेज करा. आमच्याकडे पण चार झडपा पडून आहेत.

सुशेगाद_४२
आमच्याकडे वाकळ. आजीच्या साड्या आत, आईच्या बाहेर. एवढंच. पावसात वाळत नाही ही तक्रार.

शेणई_मावशी
मोबाइलवर लिहिते चुका असतील. फोंडेकर भाणावरून आठवलं, आमचं तांब्याचं भाण काढून ठेवलंय गीझर आल्यापासून. मुलगा म्हणतो त्यात कमळ लावू. मी म्हटलं आधी कल्हई करूया. कल्हईवाला कुठे मिळेल फोंड्याकडे?

वाळपईकर
मावशी, अंघोळीच्या भाणाला कल्हई कशाला? कल्हई शिजवायच्या भांड्यांना, आतून, आंबट पदार्थ त्यात कळकू नयेत म्हणून. कमळाला काय आमटी करायचीय?

शेणई_मावशी
बरं बरं. पण माझी दोन पितळेची पातेली पण आहेत, त्यांना तर लागेल ना.

डॉक्टरीणबाई
मावशी, कमळात गप्पी मासे सोडा. नाहीतर मी आहेच.

वाळपईकर
पातेल्यांना लागेल. आमच्याकडे अधूनमधून एकजण येतो, भाता घेऊन, कथिल आणि नवसागर त्याचाच. आम्ही फक्त कोळसा द्यायचा. पुढच्या वेळी आला की फोन करतो. पातेली आधी चिंचेने घासून ठेवा, नाहीतर तो त्याचे वेगळे पैसे मागतो.

शेणई_मावशी
ठेवते. कोळसा करवंटीचा चालेल का त्याला?