लाकडी रिकर्व्हला कार्बन बाण घेतले, सगळे डावीकडं जातायत

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी, गेल्या दिवाळीत 35 पौंड ताणाचा लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) घेतला, नेम धरायची साइट वगैरे काही नाही, बाण शेल्फवर, म्हणजे ग्रिपच्या वरच्या कट्ट्यावर ठेवूनच मारतो. दुकानदारानं सोबत 500 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या कडकपणाचा आकडा) 30 इंची कार्बन बाण दिले, पॉइंट म्हणजे पुढचं टोक 100 ग्रेन वजनाचं. 15 मीटरवरून सहाच्या सहा एका जागी लागतात पण मध्यापासून वीतभर डावीकडं. मी उजव्या हातानं खेचतो. माझं चुकतंय की बाणांचं? रोज पहाटे उठून मारतो हो, मनाला लागतं.

सत्तरीचा बाण:
दादा, सहाही एका जागी पडतायत म्हणजे हात चांगला बसलाय, बाण कडक आहेत. आपल्या धनुष्यात बाण मधोमध बसत नाही, ग्रिपला वळसा घालून जावं लागतं, म्हणून सुटताना तो माशासारखा वळवळतो आणि मग सरळ होतो. कडक बाण वाकतच नाही, बाजूला फेकला जातो. 500 म्हणजे 28 इंचांवर दोन टेकू देऊन मधे 880 ग्रॅम वजन टांगलं की अर्धा इंच वाकतो, आकडा मोठा तेवढा बाण मऊ. आणि ते 35 पौंड 28 इंच खेचल्यावरचे, तुम्ही किती खेचता?

डिचोलीकर:
आत्ताच मोजलं, बायकोनं टेप धरली, 26 भरले. मग मासळीवाल्यांकडं असतो तसला हुकाचा काटा दोरीला अडकवून तेवढंच खेचलं तर साडेतेरा किलो, म्हणजे जेमतेम 30 पौंड!

फोंड्याची पोर:
मग झालंच की, जोर कमी पडला म्हणजे तोच बाण अजून कडक वागतो. पण भाऊ नवीन बाण लगेच घेऊ नका, पॉइंट स्क्रूचे असतील तर आधी 150 चा लावा, पुढं वजन वाढलं की तोच बाण जास्त वाकतो. आणि कापायला तर अजिबात जाऊ नका, आखूड केला की अजून कडक होतो, मी घाईत तीन कापून बसले, अजून हळहळ वाटते. मग दोन बाणांची पिसं काढून पिसंवाल्यांसोबत 10 मीटरवरून मारा, बिनपिसांचा डावीकडं गेला तर कडक, उजवीकडं गेला तर मऊ. फक्त एक, फार कडक बाण कधी ग्रिपवर आपटून उलटा उजवीकडंही उडतो, तेव्हा शाफ्टला, म्हणजे बाणाच्या काडीला टाल्कम पावडर लावून बघा, आपटला तर ग्रिपच्या कडेला पांढरं उमटतं.

सत्तरीचा बाण:
बरोबर. एका वेळी एकच गोष्ट बदला. तरी नाही जमलं तर 700 चा एकच बाण मागवा, डझन नको. आणि पावसात पिसं लोळतात म्हणून कोणी प्लास्टिकची पाती सुचवली तर ऐकू नका, शेल्फवरून मारताना ती आपटतात, पिसं दबून निघून जातात.

डिचोलीकर:
150 लावले! वीतभरचं चार बोटांवर आलं, बिनपिसांचा मात्र अजून थोडा डावीकडंच आहे. पावडर लावून पाहिली, ग्रिप कोरी. आता 175 चे शोधतोय, पणजी-म्हापशाकडं कुठं मिळतील का?