मदत हवी आहे: दोन बिंदूंवरून रेषेचे समीकरण काढताना वेगवेगळी उत्तरे का दिसतात?

प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरात साखर पेठेत राहते आणि सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. चादरी-टॉवेलच्या दुकानात बिले लिहिण्याचे माझे काम असल्यामुळे आकडेमोडीची भीती वाटत नाही, परंतु बीजगणित एकटीने वाचताना काही ठिकाणी अडते.

सरावासाठी घेतलेल्या एका उदाहरणात (−३, ७) आणि (५, १) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण विचारले आहे. चढ (क्ष एकाने वाढला की य किती बदलतो तो आकडा) काढला तो असा: (१ − ७) ÷ (५ + ३) = −६/८ = −३/४. पुढे पहिला बिंदू घेतला तर य − ७ = −३/४ (क्ष + ३) असे समीकरण मिळते आणि दुसरा बिंदू घेतला तर य − १ = −३/४ (क्ष − ५) असे मिळते. उत्तरसूचीत मात्र ३क्ष + ४य − १९ = ० असे छापले आहे. ही तिन्ही एकाच रेषेची समीकरणे आहेत का, आणि असतील तर परीक्षेत कोणते लिहावे?

दुसरी शंका (−२, ४) आणि (−२, −६) या बिंदूंची आहे. येथे चढाच्या छेदात शून्य येते, त्यामुळे पुढे कसे जावे ते कळत नाही.

तिसरी शंका दुकानातल्या बिलांवरून सुचली. २० चादरींचे बिल गाडीभाड्यासह ७,३०० रुपये आणि ५० चादरींचे १७,८०० रुपये होत असेल (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत), तर त्यावरून चादरीचा दर आणि गाडीभाडे वेगळे काढता येईल का?

उत्तर – खडूफळा

ताई, तिन्ही समीकरणे एकाच रेषेची आहेत. रेषेचे समीकरण म्हणजे त्या रेषेवरील प्रत्येक बिंदूने पाळलेली आणि रेषेबाहेरच्या एकाही बिंदूने न पाळलेली अट होय, आणि तीच अट अनेक प्रकारे मांडता येते. आपल्या पहिल्या समीकरणाला दोन्ही बाजूंनी ४ ने गुणले तर ४य − २८ = −३क्ष − ९ मिळते, म्हणजेच ३क्ष + ४य = १९. दुसऱ्याला तसेच गुणले तर ४य − ४ = −३क्ष + १५ मिळते आणि पदे इकडेतिकडे केल्यावर पुन्हा ३क्ष + ४य = १९ येते. उत्तरसूचीतील समीकरणात १९ फक्त डावीकडे आणलेले आहेत.

कोणताही बिंदू घेतला तरी चालते, कारण रेषेवरील कोणत्याही दोन बिंदूंमधला चढ सारखाच असतो. आलेखावर त्या बिंदूंखाली काटकोन त्रिकोण काढून पाहिलेत तर ते एकमेकांशी समरूप असल्याचे दिसेल. वजाबाकीचा क्रम मात्र अंशात आणि छेदात एकच ठेवावा. आपण (७ − १) ÷ (−३ − ५) असे केले असते तरी −३/४ च आले असते; घोटाळा होतो तो वर एक क्रम आणि खाली दुसरा घेतल्यावर.

परीक्षेत प्रश्नाने विशिष्ट रूप मागितले असेल तर तेच द्यावे, अन्यथा अपूर्णांक काढून टाकलेले रूप लिहावे, कारण त्यात ताळा लगेच घेता येतो: ३(−३) + ४(७) = १९ आणि ३(५) + ४(१) = १९. हा ताळा कच्च्या कामात न ठेवता उत्तराखाली लिहावा, असे माझे मत आहे.

बिलांचेही हेच गणित आहे. चादरींची संख्या क्ष आणि बिल य धरले तर चढ (१७,८०० − ७,३००) ÷ (५० − २०) = ३५० येतो; हा एका चादरीचा दर. २० चादरींचे ७,००० रुपये वजा केले की ३०० रुपये गाडीभाडे उरते. समीकरण य = ३५०क्ष + ३००. तथापि दोन बिंदूंतून रेषा नेहमीच निघते, त्यामुळे व्यवहार खरोखर सरळ रेषेत चालतो की नाही हे तिसऱ्या बिलावरच ठरते.

उत्तर – आलेखवही

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. दोन्ही बिंदूंचा क्ष निर्देशक −२ आहे, म्हणून ती रेषा य-अक्षाला समांतर, उभी आहे. शून्याने भागता येत नसल्यामुळे अशा रेषेला चढ नसतो, पण समीकरण असते: क्ष = −२. चढ शून्य असणे ही वेगळी गोष्ट आहे. तो आडव्या रेषेचा असतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. १०० चादरींचे बिल समीकरणाप्रमाणे ३५,३०० यायला हवे, परंतु आमच्या पद्धतीने ते ३४,३०० होईल. १०० किंवा त्याहून अधिक चादरी घेतल्यास सगळ्याच नगांवर प्रत्येकी १० रुपये सूट असते. मग हे समीकरण चुकीचे ठरते का?

उत्तर – खडूफळा

चुकीचे ठरत नाही, त्याची मर्यादा कळते. ९९ चादरींपर्यंत य = ३५०क्ष + ३०० आणि १०० पासून पुढे य = ३४०क्ष + ३००, अशा दोन वेगळ्या रेषा घ्याव्या लागतील; गाडीभाडे तेच, चढ मात्र कमी. दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढलात तर १०० जवळ बिल एकदम खाली उतरलेले दिसेल: ९९ चादरींचे ३४,९५० रुपये आणि १०० चादरींचे ३४,३०० रुपये. म्हणजे ९९ चादरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आणखी एक चादर घेतल्यास ६५० रुपये कमी द्यावे लागतील. सूट सगळ्या नगांवर न देता शंभराव्या नगापासून पुढे दिली तर ही उडी राहणार नाही. त्या परिस्थितीत १०० पासून पुढचे समीकरण आपण स्वतः काढून येथे लिहावे, मी ते तपासून देईन.