नाव हायड्राइड, वागणं ॲसिडचं?

एमएस्सी_भाग२: सोलापुरात इनऑरगॅनिकला आहे, सेटची (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) तयारी चालूय. सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत दोन दिवस एकाच पानावर अडकलेय. कोबाल्टला चार सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एक एच (हायड्रोजन), म्हणजे कोबाल्ट +१ आणि एच मायनस, म्हणून नाव हायड्राइड, असं क्लासमधे लिहून दिलंय. मग हेच कॉम्प्लेक्स पाण्यात एच प्लस सोडणारं स्ट्राँग ॲसिड कसं? काहीच कळंना, कुणीतरी नीट सांगा.

जुना_लॅबवाला: ताई, तो मायनस फक्त हिशोबाचा आहे, खरा चार्ज तेवढा असतोच असं नाही. प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरतं ते बघा. कोबाल्टचे ९, चार सीओचे ८ आणि मायनसचा १, झाले १८, म्हणजे धातूभोवतीचा पूर्ण भरलेला, स्थिर आकडा, आणि तो चार्ज सीओंच्या पाय-स्टार ऑर्बिटलमधे (इलेक्ट्रॉन घेऊ शकणाऱ्या रिकाम्या जागांमधे) पसरतो म्हणून तो आयन निवांत बसतो, आणि म्हणूनच एच प्लस सहज सुटतो. ॲसिटोनायट्राइल या द्रावकात याचा पीकेए (जितका कमी तितकं ॲसिड स्ट्राँग) साधारण ८.३ आहे, तिथे एचसीएलचा १० च्या आसपास! आता एक सीओ काढून ट्रायफिनाइलफॉस्फिन लावा, पीकेए थेट १५.४. फॉस्फिन इलेक्ट्रॉन ढकलतं, सीओइतके ओढून घेत नाही, एवढाच फरक. हा आकडा मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सांगतो, कारण यात सगळं येतं.

एमएस्सी_भाग२: सर हे पटलं. पण एनएमआरमधे (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल मोजायची पद्धत, सिग्नलची जागा पीपीएममधे) त्या एचचा सिग्नल शून्याच्या खाली येतो ना, म्हणजे त्याच्यावर इलेक्ट्रॉन जास्त, म्हणजे मायनसच झाला की?

झिरकोनियमप्रेमी: इथेच बहुतेक जण फसतात, मीही पीएचडीच्या पहिल्या वर्षी हेच धरून बसलो होतो. खाली सरकणं हे बरंचसं धातूच्या भरलेल्या डी इलेक्ट्रॉनमुळे, चुंबकीय क्षेत्रात ते फिरतात आणि एचला झाकतात, चार्जशी थेट संबंध नाही. डी-झिरो, म्हणजे डी इलेक्ट्रॉनच नसलेलं झिरकोनियम घ्या, पेंटामिथाइल सायक्लोपेंटाडायनिल रिंग दोन आणि एच दोन, त्याचा सिग्नल +७.५ पीपीएमजवळ, म्हणजे बेंझिनच्या शेजारी. आणि झिरकोनियमचे हायड्राइड तर खरोखर एच मायनस देतात, श्वार्ट्झ रिएजंट (असाच एक झिरकोनियम हायड्राइड) अमाइडला अल्डिहाइडपर्यंत आणतो, ॲसिड टाकलं की हायड्रोजन निघतो. म्हणजे तुमचं ॲसिड मायनस पीपीएमला आणि खरं हायड्राइड प्लसला. पेपरात पीपीएम दिला असेल तर त्यावरून चार्ज ठरवू नका, आधी धातू आणि लिगँड (धातूला जोडलेले गट) बघा.

एमएस्सी_भाग२: हे क्लासच्या नोट्समधे कुठेच नव्हतं. आता तक्त्यातला प्रत्येक हायड्राइड परत बघते, कोबाल्टपासून.