बाघजान : दोष सिद्ध करण्याची अट नाही
कंपनीचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय गावकऱ्यांना भरपाई मागता येणार नाही, हे म्हणणे मला पटत नाही. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथील ऑइल इंडिया या तेल कंपनीच्या वायू विहिरीतून 27 मे 2020 रोजी वायू उसळला, 9 जूनला आग लागली आणि ती विझायला नोव्हेंबर उजाडला. अशा अपघातात पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दोष न पाहता दायित्व ठरवावे, असे त्या न्यायाधिकरणाच्या 2010च्या कायद्याचे कलम 17 स्पष्टपणे सांगते.

खरी अडचण नुकसान दाखवण्याची आहे. जळालेल्या घराचा पंचनामा होतो. पण चहाच्या पानांवर बसलेला तेलकट थर पावसाने धुऊन जातो, आणि मागुरी-मोटापुंग बिल या पाणथळ तलावात मासेमारी करणाऱ्याकडे रोजच्या मिळकतीची पावती कुठून असणार? वास्तविक पिके, जनावरे, जलचर आणि बुडालेला रोजगार हे सर्व त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईस पात्र आहे. म्हणून तारखेसह छायाचित्रे, डॉक्टरांचे कागद आणि चहापत्ती विक्रीच्या जुन्या चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यातच जमवायला हव्यात. अर्जाची मुदत 5 वर्षांची असली, तरी पुरावा तेवढा टिकत नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही माफ आहे, आणि हे गावोगावी कुणीतरी सांगायलाच हवे.